दम कमावण्याचे दिवस

मराठीत ‘दम’ हा शब्द दोन कामे करतो. दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे टिकून राहण्याची ताकद. माणसाला दम लागतो तेव्हा श्वास अपुरा पडलेला असतो. माणसात दम असतो तेव्हा तो सहजासहजी अपुरा पडत नाही. तालमीत दम कमावतात, गाण्यात दमसास कमावतात. दोन्ही ठिकाणी क्रियापद ‘कमावणे’ हेच आहे. कमावणे एका दिवसात होत नाही, हे भाषेने गृहीत धरलेले आहे. हा दम शरीरात नेमका कुठे तयार होतो आणि तो कमावण्यासाठी संथ पळणे का लागते, हे या लेखात पाहायचे आहे.

निमित्त आमच्या करमाडचे आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत ओलांडल्यावर करमाड लागते. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला कापूस आणि मोसंबीची शेते, मधून जालना रोड आणि मनमाडकडून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग. पहाटे पाचच्या सुमारास इथल्या रस्त्यांवर मुले-मुली पळताना दिसतात. यातले फारच थोडे मॅरेथॉनसाठी पळतात. बाकी सगळे भरतीसाठी पळतात. पोलीस भरती, राज्य राखीव पोलीस दल, सैन्य. मी स्वतः पन्नाशीतला हौशी पळणारा आहे. क्रीडाशिक्षक नाही; शरीरक्रियाशास्त्र आवडीने वाचतो, एवढेच. पण रोज एकाच रस्त्यावर असल्यामुळे या मुलांशी बोलणे होते, आणि बोलण्यातून एक गोष्ट वारंवार समोर येते. जवळजवळ प्रत्येक जण रोज जीव तोडून पळतो. घड्याळ लावून सोळाशे मीटर मारायचे, खाली बसायचे, धाप ओसरली की पुन्हा मारायचे. दोन-तीन महिन्यांत नडगी दुखायला लागते, टायमिंग एका जागी अडते आणि मग ‘आपल्यात दमच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

सावकाश पळून बघ, असे एकाला मी म्हटले, तेव्हा तो हसला. “काका, हळू पळून कुठं टायमिंग बसतं का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

सोळाशे मीटरचा हिशेब

महाराष्ट्र पोलिसांत शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. महिलांसाठी १६०० च्या जागी ८०० मीटर असते. राज्य राखीव पोलीस दलात ५ किलोमीटर पळावे लागते आणि त्याला १०० पैकी ५० गुण आहेत. म्हणजे ज्याला मुले ‘ग्राउंड’ म्हणतात, त्यातला सर्वांत मोठा वाटा लांब पळण्याचा आहे.

सोळाशे मीटर ही ताकदीची आणि वेगाची शर्यत आहे, असे बहुतेकांना वाटते. पाच-सहा मिनिटांत संपणारी गोष्ट, तिच्यात सहनशक्तीचा काय संबंध? स्नायूंना ऊर्जा दोन मार्गांनी मिळते. एक मार्ग प्राणवायू वापरून साखर आणि चरबी जाळण्याचा. तो संथ सुरू होतो, पण तासन्‌तास चालतो. दुसरा मार्ग प्राणवायूविना साखर फोडण्याचा. तो झटकन पेटतो, पण थोड्याच वेळात स्नायू जड व्हायला लागतात. शंभर मीटर हा बहुतांशी दुसऱ्या मार्गाचा खेळ आहे. परंतु सर्व ताकद लावून पाच-सहा मिनिटे पळताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा पहिल्या, म्हणजे प्राणवायूच्या मार्गाने येते. ८०० मीटरमध्येही हा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. भरतीचा उमेदवार स्वतःला कितीही वेगवान धावपटू समजो, त्याची परीक्षा मुख्यतः प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेची आहे. ही क्षमता वाढवण्याचा पाया कमी ठोक्यांच्या, संथ आणि भरपूर पळण्यात घातला जातो.

हृदय, केशवाहिन्या आणि इंधन

पाया घातला जातो म्हणजे काय होते? चार ठिकाणी बदल होतात, आणि चारही डोळ्यांना न दिसणारे आहेत.

पहिला बदल हृदयात होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. संथ पळताना रक्त भरपूर परत येते, हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरतो आणि पूर्ण रिकामा होतो. हे तासभर, आठवड्यातून पाच दिवस, महिनोन्‌महिने घडले की कप्पा हळूहळू मोठा होतो. स्वीडनच्या हेन्शेन या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावर लांब पल्ल्याच्या घसरशर्यती करणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे असल्याचे नोंदवले होते. तेव्हा ना एक्स-रे सर्रास होता ना सोनोग्राफी. मोठा झालेला कप्पा एका ठोक्यात जास्त रक्त देतो, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. विश्रांतीचे ठोके ७२ वरून ६० वर आले, तर दिवसाकाठी १७ हजारांवर ठोके वाचतात. रक्तातला द्रवभागही पहिल्या काही आठवड्यांतच वाढतो.

दुसरा बदल स्नायूंत होतो. स्नायूंच्या तंतूंभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतल्या तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकाँड्रियांची, संख्या व क्षमता वाढते. प्राणवायू प्रत्यक्षात वापरला जातो तो इथे. जॉन हॉलोझी या अमेरिकी संशोधकाने १९६७ मध्ये उंदरांना कित्येक आठवडे पट्ट्यावर पळवून त्यांच्या स्नायूंतली ही क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचे दाखवले. व्यायामाने स्नायूंची रासायनिक यंत्रणाच बदलते, हे तिथून पुढे सर्वमान्य झाले.

तिसरा बदल इंधनाचा. शरीरात साखरेचा साठा साधारण १६०० ते २००० कॅलरींचा असतो. ६० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर पळायला सुमारे ६० कॅलरी लागतात. म्हणजे ४२ किलोमीटरला २५०० च्या वर. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर पाय का उचलत नाहीत, ते या वजाबाकीत आहे. उलट याच सडपातळ माणसाच्या अंगात ६ किलो चरबी धरली, तरी तो साठा ४० हजार कॅलरींच्या पुढे जातो. चरबी जाळायला प्राणवायू आणि वेळ दोन्ही लागतात. संथ पळण्यात शरीर तिची सवय लावून घेते आणि साखर राखून ठेवायला शिकते.

चौथा बदल हाडांचा आणि स्नायुबंधांचा, आणि भरतीच्या मुलांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत प्रतिसाद देतात. हाडाला महिने लागतात. शिवाय नवा ताण पडला की हाड आधी थोडे झिजते आणि मग भरून येते. त्या मधल्या काळात डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण वेगाने आपटले, तर नडगी बोलणारच. अनेक मुलांचे पळणे फुप्फुसांमुळे थांबत नाही, नडगीमुळे थांबते.

पाया विरुद्ध वेग, हा जुना वाद

पळण्याच्या प्रशिक्षणात हा विचार नवा नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड पोटासाठी बुटांच्या कारखान्यात काम करत. स्वतःवर प्रयोग करत त्यांनी एक पद्धत बसवली. हंगामाआधी काही महिने आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर, धाप न लागणाऱ्या वेगाने, मग चढ, आणि अखेरीस वेगाचा सराव. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली. मरे हालबर्गने ५००० मीटरमध्ये आणि पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीचा हा विजेता दर रविवारी डोंगरातून ३५ किलोमीटर पळत असे. लिडियार्डचे पळणे रेंगाळणे नव्हते, पण ते दमवणारेही नव्हते.

त्याच सुमारास जर्मनीतले डॉक्टर एर्न्स्ट फान आकेन मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास राहून भरपूर पळा, असे सांगत होते. स्त्रियांना लांब पळणे झेपत नाही, हा तेव्हाचा समज त्यांनी नाकारला आणि १९७३ मध्ये आपल्या वाल्डनील गावात केवळ स्त्रियांची मॅरेथॉन भरवली. पुढे फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यावरून मनगटावर ठोके दाखवणारे यंत्र विक्रीला आणले आणि नाडीचा अंदाज आकड्यांत आला. अमेरिकेतल्या फिल मॅफेटोन यांनी ‘१८० वजा वय’ हे सूत्र लोकप्रिय केले. त्यांच्या मार्गदर्शनाने सराव करणारा मार्क अ‍ॅलन हवाईची आयर्नमॅन स्पर्धा सहा वेळा जिंकला. नंतर नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी अव्वल नौकापटू, स्कीपटू आणि धावपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. निरनिराळे खेळ, निरनिराळे देश, पण दहापैकी सुमारे आठ सत्रे सोपी आणि दोन खरोखर कठीण, हे प्रमाण पुन्हा पुन्हा सापडले. आमच्या रस्त्यावर मात्र सगळी सत्रे मधल्या पट्टीतली असतात. रोज करायला फार जड, आणि शिखर उंचावायला अपुरी.

गाणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तारसप्तकात झेप घेऊ पाहणारा गायक पहाटे खर्ज लावून बसतो.

आपल्याकडचा पाया पूर्वी आपोआप घातला जात असे, असे मला वाटते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ मधल्या क्रीडास्पर्धा पाहताना सर दोराबजी टाटांच्या लक्षात आले, की अनवाणी पळणारी ही खेड्यातली माणसे कोणत्याही शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाशिवाय युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या वेळा नोंदवत आहेत. त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. बेळगावकडच्या फडेप्पा चौगुले यांनी तिथे मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि ते १९ वे आले. प्रशिक्षण नव्हते हे खरे. पण शेतीचे आणि पायी चालण्याचे आयुष्य होते. आजही आळंदी-देहूहून किंवा आमच्या पैठणहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी रोज मैलोन्‌मैल चालतो, तेही अभंग म्हणत. कमी ठोक्यांवरचा एवढा मोठा सराव कोणत्याही अकॅडमीत होत नसेल. आजची मुले शाळेला बसने किंवा दुचाकीने गेलेली आहेत. त्यांचा दोष नाही. पण आजोबांना फुकट मिळालेला पाया त्यांना मुद्दाम घालावा लागणार आहे.

ठोके किती असावेत?

मॅफेटोन यांच्या सूत्राने माझ्यासारख्या पन्नास वर्षांच्या माणसाची वरची मर्यादा १३० येते. आजारातून उठलेल्यांनी किंवा नियमित औषधे घेणाऱ्यांनी त्यातून १० वजा करायचे, वारंवार दुखापत होणाऱ्यांनी ५. पण वीस वर्षांच्या मुलासाठी हे सूत्र १६० सांगते, आणि नवख्या मुलाला तेवढ्या ठोक्यांवर बऱ्यापैकी धाप लागू शकते. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचे प्रसिद्ध सूत्रही सरासरीचे आहे. प्रत्यक्ष माणूस त्याहून १०-१२ ठोके वर किंवा खाली सहज असू शकतो. सूत्र म्हणजे सुरुवातीचा अंदाज, त्यापलीकडे काही नाही.

त्याहून भरवशाची आणि बिनखर्चाची कसोटी बोलण्याची आहे. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. दोन-दोन शब्दांवर श्वास तुटत असेल, तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर हरिपाठातला एखादा अभंग म्हणून पाहावा. तो म्हणता आला, तर काळजी नको. घड्याळ नसेल, तर थांबल्याबरोबर मनगटावर किंवा गळ्याच्या एका बाजूला हलकेच बोटे ठेवून १० सेकंद ठोके मोजावेत आणि सहाने गुणावे. उशीर करू नये, कारण थांबताच ठोके झपाट्याने उतरतात.

या पद्धतीतली पहिली अडचण अहंकाराची असते. ठोके आटोक्यात ठेवायचे, तर सुरुवातीला चढावर चक्क चालावे लागते. गावातले लोक बघत असतात. अकॅडमीतली मुले शेजारून निघून जातात. मी मुलांना रस्ता सोडून पांदीच्या मातीच्या वाटेने जायला सांगतो. तिथे नडगीलाही आराम असतो आणि बघणारेही कमी असतात. प्रगती मोजायची असेल, तर महिन्यातून एकदा तेच तीन किलोमीटर, त्याच वेळी, त्याच ठोक्यांवर पळावे आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. ठोके तेच राहून वेळ कमी होत असेल, तर पाया भरतो आहे.

ऊन आणि रक्त

करमाडच्या हवेत हे आकडे जपून वाचावे लागतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडेही रक्त पाठवावे लागते, घामाने रक्तातले पाणी घटते, आणि त्याच वेगाला ठोके दहा-पंधरांनी चढतात. लांब पळताना उत्तरार्धात वेग न वाढवताही ठोके वर सरकतात, त्याचे कारणही बरेचसे हेच. एप्रिल-मेमध्ये वेग कमी झाला म्हणून दम गेला, असे समजू नये. उजाडायच्या आत निघावे, पाणी प्यावे आणि वेग ठोक्यांना ठरवू द्यावा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर हृदय ती तूट जास्त ठोक्यांनी भरून काढते. एखाद्या मुलीचे ठोके अगदी संथ पळतानाही चढेच राहत असतील आणि महिन्या-दीड महिन्यात काहीच फरक पडत नसेल, तर तिला अधिक पळवण्याऐवजी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तसेच पळताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणीही मैदानात उतरू नये.

संथपणाच्या मर्यादा

केवळ संथ पळून भरती होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळायचे, तर किलोमीटरला ३ मिनिटे २६ सेकंदांचा वेग लागतो. सात मिनिटांच्या वेगाने कितीही पळालो, तरी पायांना तो वेग ओळखीचा होणार नाही. शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरचे वेगवान टप्पे, मध्ये पुरेशी विश्रांती, हे लागतेच. ज्याच्याकडे आठवड्याला जेमतेम दोन तास आहेत, त्याला तीव्र सरावातून लवकर फायदा होतो, असेही अभ्यास सांगतात. आणि संथ सरावाचे अव्वल खेळाडूंवरून काढलेले निष्कर्ष शेंद्र्यात बारा तासांची पाळी करून पळणाऱ्या मुलाला जसेच्या तसे लागू होतील, असे नाही. पण त्याला पुरेशी झोप नसेल, खाणे बेताचे असेल, तर रोजचे जीवघेणे पळणे त्याला आणखी कमी झेपेल, एवढे निश्चित.

जाहिरातीचे वेळापत्रक आणि शरीराचे वेळापत्रक

खरी गाठ इथे आहे. २०२४ मध्ये राज्यात १७ हजारांहून अधिक पोलीस पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. शंभरातला एक. अर्ज मार्चमध्ये मागवले गेले आणि मैदानी चाचण्या १९ जूनला सुरू झाल्या. मध्ये साडेतीन महिने, तेही ऐन उन्हाळ्याचे. त्याआधीची, २०२१ च्या रिक्त पदांची चाचणी २०२३ च्या जानेवारीत उजाडली होती. भरती कधी निघेल, हे मुलांना माहीत नसते. म्हणून जाहिरात निघेपर्यंत पळणे बंद असते आणि जाहिरात निघाली की सगळे एकदम तुटून पडतात. हृदयाचा कप्पा, केशवाहिन्यांचे जाळे, नडगीचे हाड यांना मात्र शासन निर्णय कळत नाही. त्यांना चार-सहा महिने लागतात, ते लागतातच. वयोमर्यादा जवळ आलेल्या मुलाला एक हुकलेले ग्राउंड फार महाग पडते.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि पळण्याकडे वळला तो तिथे, विशी ओलांडल्यावर. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंद. २०२४ च्या जुलैत पॅरिसमध्ये ती ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली. दरम्यान राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य आणि आशियाई स्पर्धेचे सुवर्ण. त्याच्या सरावाचा तपशील इथे मुद्दा नाही. काळ हा मुद्दा आहे. मराठवाड्यातल्या एवढ्या गुणी आणि कष्टाळू मुलालाही वीस सेकंद कमी करायला सहा वर्षे लागली.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : हळू पळून टायमिंग बसत नाही, टायमिंग बसवण्यासारखे शरीर तयार होते, आणि ते तयार करण्याची वेळ जाहिरात निघाल्यानंतरची नसून ती निघण्याआधीची असते. जो काळ ही मुले ‘सध्या काहीच नाही, भरती निघाली की बघू’ म्हणून सोडून देतात, तोच पाया घालण्याचा हंगाम आहे. त्याला अकॅडमीची फी लागत नाही, महागडे घड्याळ लागत नाही. पहाटेची पाऊण तासाची मातीची वाट, बोलायला एक सोबती आणि आकडे लिहायला एक वही पुरते. दिवाळीनंतर आमच्याकडे हवा थंड होते, ठोके आपोआप उतरतात आणि कापसाच्या वेचणीतून पहाट तेवढी मोकळी सापडते. सुरुवात करायला वर्षातला याहून चांगला महिना नाही.